थांबणं कोणाला परवडतं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा रेडिएशनचा उपचार ५६ दिवसांत पुरा व्हावा, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. त्या आठ आठवड्यांत बाहेरून द्यायचे साधारण २५ डोस, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाइन आणि शेवटी ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे आतून द्यायच्या किरणांच्या, काही खेपा बसवायच्या असतात. मुदतीपलीकडे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसामागे ओटीपोटातला आजार आटोक्यात राहण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्यानं घटते, हे १९९०च्या दशकातल्या अभ्यासांनी दाखवून दिलं. उपचार मध्येच थांबला की किरणांतून वाचलेल्या पेशी सवड मिळताच आधीपेक्षा वेगानं वाढू लागतात. म्हणून एकदा सुरू केलेलं रेडिएशन थांबवायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभरात २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस चालली. ज्या बाईचे बाहेरचे अकरा डोस झाले होते आणि बारावा २५ मार्चला होता, तिच्या दृष्टीनं ५६ आणि ६८ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तिचं गाव लातूरकडचं, मशीन मुंबईत. एसटी बंद, रेल्वे बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदी. नवऱ्याची मजुरी थांबलेली, आणि खाजगी गाडीवाला एका फेरीचं जे भाडं सांगेल त्यात घराचा महिना निघाला असता. या पुस्तकाचा विषय त्या बाराव्या डोसापाशी सुरू होतो.

महामारीत रुग्णालयांपुढचा पेच खरा होता, तो कोणी नाकारू नये. खाटा, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, नर्सेस, भूलतज्ज्ञ हे सगळं मोजकंच होतं आणि एका नव्या आजारानं ते सगळं एकदम मागितलं. तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकला, असे आदेश जगभर निघाले. अपघात, अडलेलं बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स ही तातडी सगळ्यांना कळते. मोतीबिंदू थांबू शकतो, हेही कळतं. कॅन्सर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. तो आज रात्री मारत नाही, पण तीन महिन्यांनी तोच आजार तसाच राहिलेला नसतो. आमच्या सरकारी आणि खाजगी व्यवस्थेत ‘तातडीचं’ आणि ‘नंतरचं’ असे दोनच कप्पे होते, आणि स्त्रियांच्या कॅन्सरपैकी पुष्कळसा, कोणी मुद्दाम न ठरवता, दुसऱ्या कप्प्यात गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोणाला आधी घ्यायचं याची यादी करणं तुलनेनं सोपं असतं. कोणाला किती दिवस थांबवता येईल, ते कशाच्या आधारावर, आणि थांबवलेल्या बाईची जबाबदारी त्या दिवसांत कोणाच्या नावावर, हे लिहून ठेवणं म्हणजे प्राधान्यक्रम. ते लिहिलं नाही तर क्रम तरीही लागतोच. तो लागतो गाडीभाड्यावर, ओळखीवर आणि घरात कोणाच्या दुखण्याला किंमत आहे त्यावर.

सुरुवातीच्या आठवड्यांत निर्णय भीतीनं झाले, आणि त्या भीतीलाही कागदाचा आधार होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त चीनमधली एक छोटी नोंद छापून आली. कोविडच्या १,५९० रुग्णांत कॅन्सर झालेले वा होऊन गेलेले १८ जण होते. त्यांतल्या ३९ टक्क्यांचा कोविड गंभीर झाला, बाकीच्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. अठरा माणसं, त्यांचे कॅन्सर वेगवेगळे, आणि काहींचा उपचार तर केव्हाच संपलेला. पण त्या वेळी हातात दुसरं काही नव्हतं, आणि या नोंदीच्या जोरावर कित्येक ठिकाणी केमो थांबवली गेली. मे महिन्यात ब्रिटनमधल्या ८०० कॅन्सररुग्णांचा अभ्यास आला. गेल्या चार आठवड्यांत केमो घेतल्यामुळे कोविडनं मरण्याचा धोका विशेष वाढत नाही, वय आणि इतर आजारच जास्त भोवतात, असं त्यातून दिसलं. या दोन अभ्यासांमध्ये जेमतेम तीन महिन्यांचं अंतर आहे. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बाईसाठी तीन महिने म्हणजे केमोच्या चार खेपा.

याच काळात मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालयानं काम चालू ठेवायचं ठरवलं. शहर देशातलं सर्वांत मोठं संसर्गकेंद्र होत चाललं होतं, लोकल बंद होत्या, कर्मचारी आणायचे कसे इथपासून प्रश्न होते. रुग्णालयाचे डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी एप्रिल २०२० मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये भारतातल्या कॅन्सर-उपचाराच्या या पेचाविषयी लिहिलं. पुढे आलेली आकडेवारी त्याहून महत्त्वाची आहे: २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तिथे कॅन्सरच्या ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. त्याच सुमाराला ‘कोव्हिडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय गटानं दाखवलं होतं की ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत मरण पावतात. या दोन आकड्यांत मला विरोध दिसत नाही. संसर्ग झालेल्यावर ऑपरेशन करणं धोक्याचं, आणि तपासून, निवडून, वेगळा मार्ग राखून केलेलं ऑपरेशन सुरक्षित. दुसरी गोष्ट जमवण्यासाठी शिस्त लागते, मनुष्यबळ लागतं आणि वरिष्ठांनी पहिल्या दिवशी घेतलेला निर्णय लागतो. परळला तो झाला. अनेक ठिकाणी झाला नाही, आणि तिथल्या डॉक्टरांना दोष देण्यापूर्वी त्यांच्याकडे पीपीई किट किती होती, तेही विचारायला हवं.

परदेशी मार्गदर्शिका पटापट आल्या. इंग्लंडच्या आरोग्यसेवेनं ऑपरेशनांचे टप्पे पाडले: काही २४ तासांत, काही ७२ तासांत, बरं होण्याची आशा असलेले कॅन्सर चार आठवड्यांत, आणि ज्यांना थांबून फारसं बिघडणार नाही ते दहा ते बारा आठवड्यांत. नेटका आराखडा आहे, आणि आमच्यापैकी पुष्कळांनी तो आधाराला घेतला. पण या टप्प्यांचा सगळा रोख ऑपरेशन थिएटरवर होता. ज्या देशांत बहुतेक बायकांचा आजार लवकर सापडतो, तिथे ते बरोबरच आहे. भारतात २०२० साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २४ हजार नव्या रुग्ण आणि ७७ हजारांवर मृत्यू, असा ग्लोबोकॅनचा अंदाज आहे. आमच्याकडे येणाऱ्या या बायकांपैकी मोठ्या संख्येचा आजार दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला पोचलेला असतो. तिथे सुरीचं काम संपलेलं असतं; रेडिएशन आणि केमो हाच उपचार. म्हणून आमच्या यादीत सर्वांत वर मशीन यायला हवं होतं. भारतातल्या स्त्री-कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं, एजीओआयनं, २०२० मध्येच आपलं निवेदन काढलं याला म्हणूनच मोल आहे. उसन्या यादीवर आपल्या बायकांचा क्रम लावता येत नाही.

मशीनचं म्हणताना बाहेरच्या मशीनपेक्षा ब्रॅकीथेरपीची काळजी मला जास्त वाटते, आणि सामान्य वाचकाला ती सहसा कोणी सांगत नाही. गर्भाशयमुखाच्या आत नळ्या बसवून किरणांचा स्रोत थेट गाठीपाशी नेतात. बाहेरून कितीही डोस दिले तरी हा आतला भाग झाला नाही तर उपचार अर्धवटच राहतो. नळ्या बसवताना भूल लागते, आणि भूलतज्ज्ञ त्या महिन्यांत कोविडच्या अतिदक्षता विभागात होते. म्हणजे मशीन चालू, तंत्रज्ञ हजर, बाई टेबलापर्यंत आलेली, आणि काम अडलेलं एका माणसावाचून. काही केंद्रांनी पूर्ण भुलीऐवजी कमरेखालची भूल किंवा गुंगी आणि वेदनाशामकं यांवर भागवलं, खेपा कमी करून प्रत्येक खेपेचा डोस वाढवला. या तडजोडी विचार करून केलेल्या होत्या.

स्रोताचीही एक अडचण असते. बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ वापरतात. त्याची शक्ती सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत मागवावा लागतो, आणि तो बहुधा परदेशातून विमानानं येतो. विमानं थांबली की जुन्याच स्रोतावर काम चालवायचं. दहा मिनिटांची खेप वीस मिनिटांची होते आणि दिवसाला कमी बायकांचं काम उरकतं. कोबाल्ट-६० वापरणाऱ्या केंद्रांना ही चिंता नव्हती, कारण त्याची शक्ती निम्मी व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. पुढच्या वेळी जिल्हा पातळीवर यंत्र घेताना ही गोष्ट किमतीच्या रकान्याशेजारी लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

रेडिएशनबरोबरची केमो द्यावी की गाळावी, यावरही तेव्हा वाद झाला. केमोनं प्रतिकारशक्ती उतरते, मग नुसतेच किरण द्यावेत का? याचं उत्तर देण्याजोगा पुरावा नेमका आपल्याच देशातला आहे. तिसऱ्या टप्प्याच्या ८५० बायकांवर टाटा मेमोरियलमध्ये झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. सिस्प्लॅटिन जोडल्यानं पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं. शंभरात आठ बायका. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सहा आहे, मूत्रपिंडं दबली आहेत, तिला सिस्प्लॅटिन तसंही सोसत नाही. पण धडधाकट पस्तिशीच्या बाईची केमो केवळ संभाव्य संसर्गाच्या धास्तीनं गाळायची, तर त्या आठजणींचा हिशेब द्यावा लागेल. हिमोग्लोबिनवरून आठवलं: या आजारात अंगावर इतकं जातं की रक्त चढवल्याशिवाय रेडिएशन नीट लागू पडत नाही, आणि टाळेबंदीत रक्तदान शिबिरं बहुतेक बंद होती. कॅन्सरच्या प्राधान्यक्रमात रक्तपेढीचं नाव कुठल्याच तक्त्यात ठळक दिसत नाही. दिसायला हवं.

स्त्रियांचे कॅन्सर असं आपण एका दमात म्हणतो, पण थांबण्याची ताकद प्रत्येकाची निराळी.

द्राक्षगर्भानंतर उपजणारा कॅन्सर घ्या. बाई बहुधा विशी-तिशीतली, कधी पहिल्याच गरोदरपणातली. कमी जोखमीच्या रुग्ण जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, पुष्कळजणी तर एकट्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनांनी, आणि बहुतेकींना पुढे मूलही होऊ शकतं. अमेरिकेत १९५६ मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी हे दाखवलं. केमोनं गाठीचा कॅन्सर पूर्ण बरा होण्याची ती सुरुवात. ते औषध घडवणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या गटाचे प्रमुख आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. इतका बरा होणारा आजार, खर्च थोडा, खाट फारशी अडत नाही, आणि उशीर झाला तर फुप्फुसात आणि मेंदूत पसरतो. इथे महामारी असो वा नसो, एक आठवडाही वाट पाहण्याचं कारण नाही.

याच्या उलट टोकाला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं, तर अशा साधारण दहा बायकांतल्या एकीला हा आजार निघतो. म्हणजे तपासणी टाळता येत नाही. पण तपासणीत आजार सौम्य प्रकारचा, अस्तरापुरता निघाला, तर संप्रेरकाच्या गोळ्या देऊन किंवा संप्रेरक सोडणारी, तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवून काही आठवडे, क्वचित काही महिने काढता येतात. या बायका बऱ्याचदा वयस्कर, स्थूल, मधुमेही असतात, कोविडनं सर्वांत जास्त झोडपलेला हाच गट. त्यांच्या बाबतीत ऑपरेशन पुढे नेणं हे त्यांचंच हित होतं. आजार आक्रमक प्रकारचा निघाला, तर मात्र हा हिशेब लागू नाही, आणि तो फरक बायोप्सीशिवाय कळत नाही. तेव्हा थांबायचं ठरवण्यासाठीसुद्धा आधी एकदा यावंच लागतं.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये थोडी मोकळीक आधीच्या संशोधनानं दिली होती. पूर्वी आधी मोठं ऑपरेशन, मग केमो असा शिरस्ता होता. २०१० मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की पसरलेल्या आजारात आधी केमोच्या तीन खेपा, मग ऑपरेशन, मग उरलेल्या खेपा असं केलं तरी आयुष्य कमी होत नाही. महामारीत डॉक्टरांनी हाच क्रम ताणला, तिनाऐवजी चार किंवा सहा खेपा दिल्या, दर आठवड्याला बोलावण्याऐवजी तीन आठवड्यांनी बोलावलं, पांढऱ्या पेशी टिकवणारी इंजेक्शनं मोकळ्या हातानं वापरली, सीए-१२५ची रक्ततपासणी गावाजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट फोनवर मागवला. तासन्‌तास चालणारं, चार बाटल्या रक्त आणि आयसीयूची खाट मागणारं ऑपरेशन लाट ओसरेपर्यंत पुढे गेलं. शास्त्राशी प्रामाणिक राहून केलेली ही तडजोड मला या सगळ्या काळातलं चांगलं काम वाटतं. पण ज्यांचं निदानच झालं नव्हतं, त्यांना याचा उपयोग नव्हता. पोट फुगतं, दोन घासांत भूक मरते, गॅस झाल्यासारखं वाटतं, ही या आजाराची पहिली लक्षणं. फोनवर ऐकणारा डॉक्टर त्यावर आम्लपित्ताचीच गोळी सांगणार. पोटाला हात लावल्याशिवाय आत झालेलं पाणी कळत नाही.

२५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारनं दूरवैद्यकाची नियमावली काढली. तिचा आम्हाला खूप उपयोग झाला, आणि उपचार संपलेल्या बायकांच्या नुसत्या विचारपूस-भेटी फोनवर आल्या ही सुधारणा कायम राहावी, असं मी म्हणेन. जळगावहून रात्रभर प्रवास करून यायचं, पाच मिनिटं भेटायचं, पुन्हा रात्रभर जायचं, यात त्या बाईचं काय भलं होतं? पण फोनवर गर्भाशयमुख दिसत नाही. नव्यानं अंगावर जाणाऱ्या बाईला ‘सध्या येऊ नका’ असं फोनवर सांगणं हा मला चुकीचा निर्णय वाटतो, मग लाट कितीही मोठी असो.

आणि जवळच्या पर्यायाचा मोहही होता. मोठं रुग्णालय दूर, रस्ते बंद, आणि तालुक्यातला एखादा दवाखाना पिशवी काढून द्यायला तयार. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रात चौकशी समिती नेमावी लागली होती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे हे न तपासता साधी पिशवी काढली, तर आजार आत राहतो, आतून किरण देण्याची जागाच निघून जाते, आणि मग बाहेरून द्यावं लागणारं रेडिएशन आतड्यांना जास्त भाजतं. घाईनं केलेला हा उपचार काही आठवडे थांबण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता ज्या बायका यादीत आल्याच नाहीत, त्यांच्याविषयी. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली. अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. सगळ्या प्रकारचे कॅन्सर मिळून नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली: १ लाख १२ हजारांवरून सुमारे ५२ हजारांवर. मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी घटली, रेडिएशन २३ टक्क्यांनी. मी हे आकडे असे वाचतो. ज्यांचं रेडिएशन सुरू होतं, त्यांना केंद्रांनी जिवापाड सांभाळलं, म्हणून तिथली घट सर्वांत कमी. पण दारात नव्यानं येणारी निम्मी माणसं आलीच नाहीत. साठ हजार जणांचा आजार टाळेबंदीत थांबला होता, असं कोणी म्हणणार नाही. ‘बीएमजे’नं नोव्हेंबर २०२० मध्ये छापलेल्या विश्लेषणात, गर्भाशयमुखासह सात कॅन्सरचे जुने अभ्यास एकत्र पाहून, ऑपरेशनला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं होतं.

रुग्णालयाच्या आत कितीही न्यायानं क्रम लावला, तरी तो आत पोचलेल्यांचाच क्रम असतो. बाई का पोचत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पांढरं जाणं, अंगावर जाणं ती आधीच महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही. सांगितलं तरी घरातल्या म्हाताऱ्याचा दमा आणि मुलाची फी तिच्या पुढे असते. टाळेबंदीत कमावता माणूसच घरी बसला, तेव्हा ती म्हणाली असणार, ‘आता जरा कमी आहे, पुढं बघू.’ आणि पोचलीच, तर राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं टाटाला येणाऱ्यांना आसरा देते; तरी परळच्या फुटपाथवर अंथरूण टाकणारी कुटुंबं मुंबईनं कायम पाहिली आहेत. म्हणून माझ्या मते राहण्याची सोय, प्रवासाचा पास आणि जेवण या गोष्टी प्राधान्यक्रमाच्या कागदावर औषधाच्याच ओळीत लिहायला हव्यात. रेडिएशन घेणारी बाई आठ आठवडे कुठे झोपणार हे न ठरवता तिला पहिल्या गटात टाकणं म्हणजे कागद रंगवणं.

महाराष्ट्राला बाईच्या गावापर्यंत पोचून दाखवण्याचा वारसा आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि तिथे १९८७ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. गावोगाव नुसतं समजावून सांगितल्यानंसुद्धा बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात यायला लागल्या, हे तिथल्या कामातून दिसलं. मग शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले आणि जगाच्या धोरणावर त्यांचा ठसा उमटला. ज्या बायकांनी हे ज्ञान जगाला दिलं, त्यांच्याच देशात ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीसुद्धा गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) आकडा १.९ टक्के होता. याचा मला राग येतो आणि तो इथे नोंदवतो.

महामारीत तपासणी शिबिरं थांबवली, ते थोड्या काळापुरतं बरोबर होतं. एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कॅन्सर होईपर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षं जातात. पूर्वावस्थेतला तीव्र बदल सापडलेली बाईसुद्धा तीन महिने थांबू शकते. पण ज्या देशात तपासणी मुळातच रुजलेली नाही, तिथे ‘थोडा काळ’ कधी संपला हे कोणी सांगत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. त्याच दारात आणखी दोन प्रश्न विचारता आले असते: पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातं का? संबंधानंतर रक्त जातं का? आशाताईंवर आधीच किती ओझं होतं ते मला माहीत आहे, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळायला हवा हेही. तरी त्या बाईच्या दारापर्यंत पोचणारं दुसरं कोणी नव्हतं. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं निर्मूलन हे ध्येय जाहीर केलं. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी, आजार निघालेल्यांपैकी ९० टक्क्यांना उपचार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लसही २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. संघटनेच्या तीन उद्दिष्टांपैकी ७० टक्के तपासणीपर्यंत कसं जायचं, हा आपल्यासाठी सर्वांत अवघड भाग आहे.

या पुस्तकात एक आग्रह वारंवार येतो, तो वाचकाला कदाचित कारकुनी वाटेल. ज्या बाईला ‘नंतर’ सांगितलं, तिच्या केस पेपरवर पुढची तारीख, थांबवण्याचं कारण, थांबण्याची कमाल मुदत, आणि तिला फोन करणाऱ्याचं नाव, या चार गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत. निर्णय एकट्या डॉक्टरनं न घेता ट्यूमर बोर्डानं, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून, घ्यावा, दर पंधरवड्याला फेरतपासावा, आणि बाईला तिच्या भाषेत समजावून द्यावा. तारीख ओलांडली तर ती आपोआप वरच्या गटात जावी. शस्त्रक्रिया, औषधं आणि किरण यांच्या तज्ज्ञांमध्ये इतर बाबतींत मतभेद होतील, या पुस्तकातही आहेत. अंडाशयाच्या प्रकरणातला वाद मुद्दाम तसाच ठेवला आहे. या चार नोंदींबद्दल मात्र दुमत व्हायला जागा नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली तेव्हा पहिल्या लाटेचा अनुभव गाठीशी होता. कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालं होतं, मार्च महिन्यापासून लसीसाठीच्या सहव्याधींच्या यादीत कॅन्सरचं नाव होतं. तरी ऑक्सिजन संपला आणि थिएटरं पुन्हा बंद पडली. तेव्हा ‘पुढच्या वेळी’ हा शब्द इथे कल्पनेतला नाही. महामारीच कशाला, पूर, संप, मोठ्या यंत्राचा बिघाड, यांतही हाच क्रम लावावा लागतो.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सेसनी हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही. त्यांनी सरळ रक्तस्रावाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. अंगावरून खूप जाणाऱ्या बाईला योनीत पट्टी दाबून कशी बसवायची, किती वेळ ठेवायची, रक्त कुठून मिळवायचं, आणि रेडिएशनच्या एका मोठ्या डोसनं रक्त थांबवण्यासाठी तिला कुठे आणि कोणत्या चिठ्ठीनिशी पाठवायचं, ते तिथे दिलं आहे. त्या चिठ्ठीचा नमुना शेवटच्या पानावर आहे. तो फाडून टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल, अशा बेतानंच छापला आहे.